बाईंचं ‘जाऊ दे’

आमच्या बोटीच्या सुकाणूवर बसतात त्या दादरच्या एका शाळेतल्या गणिताच्या बाई. बंदरातही सगळे त्यांना बाईच म्हणतात. आमच्या शर्यतीतल्या सगळ्या शिडाच्या बोटी एकाच साच्यातल्या, एकाच मापाच्या; त्यामुळे हरलं की बोटीला नावं ठेवायची सोय नाही. बाई मग ती मला ठेवतात.

भर वाऱ्यात ‘ओढ’ आणि ‘सोड’ सारखंच ऐकू येतं, म्हणून बाईंनी स्वतःचे शब्द ठरवलेत. शिडाचा दोर माझ्या हातात; तो ओढायचा असला की “घे!” आणि सोडायचा असला की “जाऊ दे!” बाकी वेळ नुसता ओरडा.

यंदा अजिंक्यपदाच्या शेवटच्या शर्यतीत आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. पाण्यावर तरंगणाऱ्या शेवटच्या बोयाला वळसा घालताना दोर माझ्या पायात अडकला आणि तेवढ्यात दोन बोटी आम्हाला मागे टाकून गेल्या. अजिंक्यपद गेलं. मी मान खाली घालून ओरड्याची वाट बघत बसले. पण बाई गप्प. त्या कधीच गप्प नसतात. ओरड्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “जाऊ दे.”

मी दोर सोडला.

शीड फडफडायला लागलं, बोट मंदावली आणि तिसरी बोटही आमच्या शेजारून पुढे निघून गेली.

“अगं बावळट, तुला माफ करत होते मी!” बाई कडाडल्या. “घे! घे आधी!”

मी दोर ओढला. इतकं हायसं मला जिंकूनही वाटलं नसतं.