उजव्या पायाचा गिअर

त्या मोटारसायकलचे प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेले नाही. निवृत्त होऊन काही वर्षे झाली. खून-दरोड्याच्या मोठ्या गुन्ह्यांतले तपशील आता एकमेकांत मिसळतात. पण चोरीच्या एका जुन्या गाडीवरून उलगडलेले हे प्रकरण जसेच्या तसे आठवते.

मी तेव्हा शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, रात्रपाळीचे लोक घरी निघाले होते. एवढ्यात दवाखान्यात वॉर्डबॉयचे काम करणारा एक माणूस मोटारसायकल ढकलत आवारात आला. ती त्याने उस्मानपुरा भागातल्या एकाकडून जुनी म्हणून घेतली होती. कागदपत्रे आज देतो, उद्या देतो, असे चालले होते. गाडी दुरुस्तीला टाकली तेव्हा मेकॅनिकने त्याला इंजिनला लावलेला एक भाग दाखवला आणि म्हणाला, हे कंपनीचे नाही, आधी पोलिसांना दाखव. माणूस घाबरला होता. चोरीची गाडी स्वतःहून ठाण्यात आणून लावणारे लोक फार थोडे असतात, म्हणून मी त्याला आधी बसवून चहा दिला.

इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही घासून काढलेले होते. नंबर प्लेट बनावट निघाली. घासलेला नंबर प्रयोगशाळेत वाचता येतो, पण अहवाल यायला महिने जातात. राहिला तो अनोळखी भाग. इंजिनच्या डाव्या अंगाला, गिअरचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे, नेहमीच्या पायडलच्या मागे लोखंडाचा बोटभर तुकडा वेल्ड केलेला होता. टोकाला भोक. इंजिनखाली आडवी बसवलेली एक नळीही होती, आत पोकळ. भागातल्या दोन-तीन गॅरेजवाल्यांना बोलावले. एक म्हणाला, बाजूला जोडगाडी, म्हणजे साइडकार लावत असतील. दुसऱ्याला ते सामान बांधायचे हूक वाटले.

आमच्या वाहन विभागातला हवालदार आणि मी दुपारभर त्या गाडीशी बसलो. शेवटी त्याने त्या नळीतून एक सळई घातली. ती पलीकडे निघाली ती थेट उजव्या बाजूला, ब्रेकच्या पायडलशेजारी. मग हवालदार म्हणाला, "साहेब, गिअर उजव्या पायात आणलाय. मूळ मालकाचा डावा पाय चालत नसणार."

मूळ सळई आणि उजवे पायडल कुणीतरी काढून टाकून डावीकडे नेहमीचे पायडल बसवले होते. गिअरच्या दांड्यावर वेल्ड केलेला तुकडा मात्र इंजिन उघडल्याशिवाय निघाला नसता, म्हणून तो राहिला.

चोरीच्या तक्रारींत अशी गाडी सापडली नाही, तेव्हा शहरात आणि ग्रामीण हद्दीत सगळीकडे बिनतारी संदेश दिला : डाव्या पायाने अधू असलेला, मोटारसायकलसह बेपत्ता पुरुष. उत्तर आले ते कन्नड पोलीस ठाण्याकडून. तालुक्यातल्या एका गावचा, शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस वर्षभरापूर्वी फर्दापूरला पिशव्या शिवणाऱ्यांच्या मशिनी बघायला म्हणून निघाला, तो परतलाच नव्हता. लहानपणच्या पोलिओने त्याचा डावा पाय गेलेला. बेपत्ता नोंदीत शेवटी लिहिले होते, 'स्वखुशीने निघून गेला असावा.'

त्याच्या बायकोला गाडी ओळखायला बोलावले. ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. तिने नंबर पाहिला नाही, रंग पाहिला नाही; खाली वाकून त्या लोखंडी तुकड्यावर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "त्यांनीच बसवलं होतं हे. स्वतःच्या हातानं." बरोबर आलेल्या दिराकडून कळले की गावात सगळे म्हणत होते, बाजारातल्या कुठल्या बाईबरोबर तो पळून गेला. वर्षभर ती हे ऐकत होती.

गाडी विकणाऱ्याला वॉर्डबॉयच्या फोनवरून बोलावून ताब्यात घेतले. तिशीतला, बोलायला गोड. त्याचे म्हणणे, फर्दापूरला एका अनोळखी माणसाने गाडी विकली, किल्ली हातात दिली आणि तो चालत स्टँडकडे गेला. हेच त्याने पुनःपुन्हा सांगितले. मी त्याला अधू पायाबद्दल काही बोललो नव्हतो. बऱ्याच इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर मी सहज विचारले, तो माणूस चालताना कसा वाटला?

तो गडबडला. म्हणाला, "मला काय ठाव? मी त्याला चालताना बघितलाच नाय."

"मघाशी तो चालत स्टँडकडे गेला होता."

आरडाओरडा करून जे निघत नाही ते कधी कधी नुसते समोर बसून राहिल्याने निघते. बऱ्याच वेळाने त्याने पाणी मागितले आणि सांगायला लागला.

अजिंठ्याच्या स्टँडवर त्याने लिफ्ट मागितली होती. त्या माणसाने मागे बसवून घेतले. घाटात वळणावर खडीवरून गाडी घसरली. हा रस्त्यावर पडला, खरचटण्यावर निभावले. गाडीवाला कठड्यावरून खाली झाडीत गेला. जिवंत होता, हाका मारत होता. याने वरून पाहिले. खाली उतरला नाही. गाडी उभी केली, चालू केली. पण नेहमीच्या जागी गिअर सापडेना.

"मग?" मी विचारले.

"त्याला वाटलं मी माणसं आणायला निघालो. त्यानंच खालून वरडून सांगितलं साहेब, गिअर उजव्या पायात हाय म्हणून."

लिहून घेणाऱ्या शिपायाचा हात थांबला. मी त्याला लिही म्हणून सांगितले नाही.

आरोपीने पंचांसमोर जागा दाखवली. घाटातल्या झाडीत हाडे मिळाली आणि लोखंडी पट्ट्यांचा एक बूट. बायकोने बूट ओळखला. पुढे डीएनएनेही तेच सांगितले. गाडी चोरल्याचे, नंबर खोडल्याचे, फसवणुकीचे कलम लागले. मनुष्यवधाचे कलमही आम्ही लावून पाहिले, ते टिकले नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. जागा दाखवली एवढेच कोर्टात वाचले गेले. खालून आलेली ती हाक वाचली जाणार नव्हती.

ती हाक त्याच्या बायकोला सांगावी की नाही, हा प्रश्न मी बरेच दिवस टाळला. हाडे ताब्यात घ्यायला ती आली तेव्हा तिनेच विचारले, "लगेच गेले का ते?" मी नाही म्हणालो आणि सगळे सांगितले. ती रडली नाही. पदराचे टोक बोटांना गुंडाळत, सोडत राहिली. मग म्हणाली, "साहेब, हे आमच्या गावात येऊन सांगा. मी सांगून कुणी ऐकायचं नाय. वर्दीत या."

मी गेलो. ग्रामपंचायतीसमोर माणसे जमली होती. तो कुणाबरोबर पळून गेला नव्हता, कामाला निघाला होता, वाटेत एका अनोळखी माणसाला त्याने गाडीवर घेतले, एवढे सांगून मग पुढचे सांगितले. दोन-तीन म्हातारे माना खाली घालून उठून गेले. ती मात्र शेवटपर्यंत ताठ उभी होती, आणि मी थांबलो तेव्हा मला म्हणाली, "अजून एकदा सांगा. मागच्यांना ऐकू आलं नसंल." मी पुन्हा सांगितले.

पुढे जिथे जिथे नेमणूक झाली तिथे 'स्वखुशीने निघून गेला' हे शब्द मी पुराव्याशिवाय कुणाला लिहू दिले नाहीत. या गुन्ह्यातून तेवढेच मला शिकता आले. आरोपी शिक्षा भोगून सुटला आहे. त्या माणसाने मारलेली हाक सरकारी कागदावर कुठेच नाही, म्हणून ती इथे लिहून ठेवली.