ज्याच्या हातात दोरा

बानूखाला आमच्या घरात पहिल्यांदा आली तीच न विचारता. मला आठव्या महिन्यात जुळे मुलगे झाले होते. आठव्यातलं जगत नाही म्हणतात, आणि माझी तर दोन होती. मला आई नव्हती, सासूबाई पैठणला अंथरुणाला खिळलेल्या, आणि हे निजामाच्या कचेरीत कारकून, दिवसभर बाहेर. सोयर म्हणून शेजारणी उंबऱ्याबाहेरूनच चौकशी करत. पलीकडच्या हिमरूच्या शाली विणणाऱ्यांच्या घरातली ही बाई मात्र बाह्या वर सारून सरळ आत आली. म्हणाली, "मला कशाचं आलंय तुमचं सोयर?"

पोरं एवढीशी होती, की उचलायचीही मला भीती वाटे. थोरला सारखा भोकाड पसरायचा, धाकटा निपचित. खालाने मागावरचा लाल रेशमी दोरा आणला आणि कायदा केला: ज्याच्या हातात दोरा, त्याला दूध. पाजून झालं की दोरा दुसऱ्याच्या मनगटाला.

"रडतंय त्याची फिकीर नको करू, बेटी. गप हाय त्याला बघ," हे ती दिवसातून दहादा म्हणे. खरं सांगते, मला त्याचा कंटाळा आला होता.

दहाव्या दिवशी तिच्याकडे पाहुणे आले. सकाळीच धाकट्याला दोरा बांधून ती घरी गेली. इकडे थोरल्याने आकांत मांडला. धाकटा झोपलेला. झोपलेल्याला कशाला उठवा, म्हणून मी थोरल्यालाच घेतलं. पुन्हा तोच रडला, पुन्हा त्यालाच पाजलं. अंगात कसर होती, मग माझाही डोळा लागला.

दुपारी खाला आली. तिने आधी दोरा पाहिला. सकाळची गाठ तशीच होती. धाकट्याला उचललं तर त्याची मान लुळी पडली. मी हात लावला, अंग गार होतं. मीच त्याला मारलं, एवढंच मनात येत होतं. जेवायला आलेले हे तसेच टांग्याने छावणीतल्या डॉक्टरांकडे धावले.

खालाने पोराला कुडत्याच्या आत छातीशी धरलं. माझं दूध वाटीत काढायला लावलं आणि कापूस बुडवून एकेक थेंब त्याच्या ओठांवर सोडू लागली. तिचा हात जराही हलत नव्हता. मी कसंबसं विचारलं, "खाला, तुला भीती नाही वाटत?"

"लई वाटती," ती म्हणाली. "पर हाताला सांगितलं नाय."

डॉक्टर पोचायच्या आधी धाकटा रडला. बारीक, चिरका आवाज. खाला त्याला माझ्याकडे देऊन मोरीत गेली आणि तांब्या पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर तिचे दोन्ही हात लटलट कापत होते.

"माझंबी एक असंच गप झालं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, निजलंय."

माझी चूक तिने कुणालाही, यांनासुद्धा, कधी कळू दिली नाही.

पोरं शाळेत जाऊ लागली त्या वर्षी खाला तापाने गेली. शेवटच्या दिवशी तिच्या घरात रडारड चालली होती. मी रडणाऱ्यांकडे पाहिलं नाही, गप पडलेल्या खालाजवळ जाऊन बसले. कापूस पाण्यात बुडवला आणि थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडत राहिले. माझा हात मात्र सारखा कापत होता. तेवढं तिच्यासारखं मला कधी जमलं नाही.