बाबांच्या आवाजाची डिस्क

सासरे शाळेत पीटीचे मास्तर होते. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या पोराला नुसत्या हाकेने जागेवर थिजवणारा माणूस. त्यांना घशाचा कर्करोग निघाला, स्वरयंत्र काढावं लागणार हे ठरलं, तेव्हा सून म्हणाली, "बाबा, ऑपरेशनच्या आधी आवाज भरून ठेवू."

ती कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक होती. लॅबने मोडीत काढलेलं, लिनक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं एक जुनं मशीन तिने घरी आणलं आणि सासऱ्यांकडून शेकडो वाक्यं बोलून घेतली. चहा मागणं, पंखा बंद करायला सांगणं, मुलावर डाफरणं, नातीला हाक मारणं. 'गाढवा' हा शब्द त्यांनी तीन वेगवेगळ्या सुरांत भरला; रागावण्यातही प्रकार असतात म्हणाले. ऑपरेशननंतर ते दोन बोटांनी टाइप करायचे आणि मशीन ते भरलेलं वाक्य त्यांच्याच आवाजात बोलायचं.

एका सकाळी ते बोललंच नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या: फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणी, बिघडली आहे, दुरुस्ती हाताने करा. आत डिस्क टकटक वाजत होती. आवाजांची दुसरी प्रत होती, पण त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरमध्ये. जादा किल्ली त्याच कुलपाला लटकवून ठेवावी, तशातली गत.

बाबा खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांना विचारता येत नव्हतं आणि तिला सांगवत नव्हतं.

दुरुस्तीची कमांड तिला पाठ होती. बोट एंटरवर गेलंही, पण तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, तिने लॅबमधल्या निवृत्त सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"टकटक मला इथवर ऐकू येतेय," ते म्हणाले. "मरायला टेकलेल्या डिस्कवर काही लिहायला गेलीस तर उरलंसुरलंही जाईल. बंद कर आधी. प्रत काढ, मग जे करायचं ते प्रतीवर."

तिने बाजारातून तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क आणली, जुनीला हात न लावता सीडीवरून मशीन सुरू केलं आणि खराब भाग ओलांडत प्रत काढणारा प्रोग्राम लावला. दुपारभर आकडा सरकायचा, अडायचा, पुन्हा सरकायचा. बाबा जेवले नाहीत. प्रत कशीबशी पूर्ण झाली आणि थोड्याच वेळात जुनी डिस्क किर्र करून कायमची गप्प झाली.

आता होती ती एवढीच प्रत, आणि तीही उघडेना. कुठे काय ठेवलंय हे सांगणारा सुरुवातीचा भागच खराब निघाला. सर फोनवर म्हणाले, त्याच्या नकला डिस्कवर पुढे ठिकठिकाणी असतात, त्या कुठे आहेत ते एका कमांडने मशीनला विचारता येतं.

"पण ही कमांड मुळात डिस्क कोरी करायची आहे. मधे 'एन' हे अक्षर असेल तर नुसती जागा सांगते. नसेल तर सगळं पुसते. टाइप कर, मला वाचून दाखव, मगच एंटर."

तिने एकेक अक्षर वाचलं. 'एन' नव्हताच.

मागे बाबांचा श्वास गळ्याच्या छिद्रातून बारीक शिट्टीसारखा वाजत होता. तिने सगळं खोडलं, पुन्हा लिहिलं, दोनदा वाचून दाखवलं आणि मगच एंटर दाबलं.

पडद्यावर आकड्यांची रांग आली. त्यातला पहिला आकडा देऊन तिने दुरुस्ती चालवली. फायली परतल्या, पण नावं गमावून, नुसते क्रमांक. तिने एक वाजवली. "पंखा बंद" आणि पुढे खरखर. दुसरी मात्र अखंड वाजली: "चहात साखर कोणी चोरली?"

बाबा मटकन खाली बसले आणि तोंडावर हात ठेवून, आवाज न करता, हसले की रडले ते तिला कळलं नाही.

पुढचे कित्येक दिवस दोघं एकेक फाइल ऐकून तिला नाव देत होते. बरीच वाक्यं मिळाली, काही अर्धी तुटलेली. नातीला मारलेली हाक काही सापडली नाही. ते सांगताना सुनेचे डोळे भरले. बाबांनी कागद ओढून लिहिलं: 'ती कायम अंगाखांद्यावर असते. हाक कशाला?'

आता प्रती तीन आहेत, त्यातली एक तिच्या बहिणीकडे. तरीही रोज सकाळी बाहेरच्या खोलीत मशीन सुरू होतं, तेव्हा सून गॅस बारीक करते आणि पहिला शब्द येईपर्यंत ओट्याला धरून उभी राहते.