शर्ट मावशीच्या हातून

हे मी अजून कोणाजवळ बोललेलो नाही. मुलीजवळ नाही. देवळात हात जोडून उभा राहतो तिथेही नाही — तिथे तर जास्तच गप्प असतो. आता लिहितोय. सातवीत शाळा सुटली, जन्म कारखान्यात हातगाड्या ढकलण्यात गेला, त्यामुळे लिहायची सवय नाही. चुका असतील. पण बोलून सांगायची हिंमत नाही, हे खरं.

आधी क्लबचं सांगतो. ते सोपं आहे.

आमचा फुटबॉलचा क्लब. नाव लिहीत नाही, पुण्यात फुटबॉल बघणारे मोजके, लगेच ओळखतील. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी तिथे जातोय. मैदान खडकीच्या बाजूला, मी राहतो विश्रांतवाडीत. सायकलवर जायचो, मग स्कूटरवर, आता बसने. क्लबमध्ये मी कोण? कोणीच नाही. खेळलो नाही कधी, पाय वाकडे. पण माझा आवाज मोठा. रेफ्रीला शिव्या घालायच्या तर मीच. जुन्या कमिटीच्या बाकावर शेवटची जागा माझी, तिथे दुसरा कोणी बसत नव्हता. माणसाला एवढं पुरतं. मला पुरलं.

गेल्या वर्षी जुनी कमिटी थकली आणि क्लब नव्या लोकांच्या हातात गेला. शिकलेली, तरुण माणसं. त्यांनी केरळहून कोच आणला. पोरांना वेळेवर यायला लावलं. गोलकीपरने बॉल लांब मारायचा नाही, जवळच्याला द्यायचा, असं सुरू झालं. आणि बाकडं काढून तिथे खुर्च्या मांडल्या, नंबर घातलेल्या.

सीझन कसा गेला ते विचाराल तर — वाईट नाही गेला. हे सुद्धा मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. सुरुवातीला सारखे हरले. तो जवळचा पास समोरच्याच्या पायात जायचा आणि गोल बसायचा. मी खूश व्हायचो. ऐकताय ना? ज्या क्लबसाठी घसा फोडला, त्याला गोल बसला की मला आतून बरं वाटायचं. नंतर पोरांना ते जमायला लागलं. पावसाळ्यानंतर तर असं खेळले की आमच्या काळात कोणी खेळलं नव्हतं. खालच्या डिव्हिजनला जाणार म्हणत होते, नाही गेले. मी टाळी वाजवली नाही. हात मांडीखाली घेऊन बसलो.

पण हे सगळं मी का सांगतोय? टाळतोय. शर्टांचं सांगायचंय, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

आमच्या क्लबचे शर्ट माझी बायको धुवायची. लीला तिचं नाव. कोणी नेमलं नव्हतं. लग्नानंतर एका मॅचला धोबी आला नाही, मी गाठोडं घरी आणलं, ते कायमचंच झालं. चिखल आधी पूर्ण वाळू द्यायचा, मग झटकायचा, मग भिजवायचं. शर्ट उलटा करून वाळत घालायचा, म्हणजे पाठीवरचा नंबर उडत नाही. आमच्या गच्चीवर लाल शर्ट दिसले की गल्लीला कळायचं, काल मॅच होती. क्लबमधली पोरं तिला मावशी म्हणायची. त्यातल्या निम्म्यांनी तिला बघितलेलं नव्हतं. मावशीने बटण लावलं, मावशीने खांद्याला टाका घातला — एवढीच ओळख.

ती मैदानावर कधी आली नाही. आमच्या वेळी बायका येत नव्हत्या, मग मी नेली नाही, मग राहून गेलं. पण शर्ट बघून मला सुनवायची. "अहो, हा तुमचा सात नंबर खेळला का नुसता उभा होता? याला नुसतं पाणी दाखवलं तरी चालेल." आणि मी चिडलो की हसायची. एकदा म्हणाली, "इतकी वर्षं यांचे कपडे धुते, एकदा आत माणसं असताना बघायचे होते." मी म्हणालो, बघू. माझं बघू तिला माहीत होतं.

नव्या लोकांनी कपडे धुवायचं काम लॉन्ड्रीला दिलं. गाठोडं यायचं बंद झालं. यात त्यांची काय चूक? काही नाही. त्यांना वाटलं असेल, म्हातारीला कशाला त्रास. आणि ते विसरलेही नव्हते. तेच तर सांगायचंय.

त्यांची मॅनेजर एक तरुण बाई होती. सगळे मॅडम म्हणायचे. सीझन सुरू व्हायच्या आधी एका संध्याकाळी तिने मला गेटपाशी थांबवलं. म्हणाली, "काका, पहिल्या मॅचला मावशींना घेऊन याल का? मुलांना या वर्षीचे शर्ट त्यांच्या हातून द्यायचेत. मैदानात, सगळ्यांसमोर. मुलांनीच सुचवलं."

मी उभाच राहिलो. मला वाटलं, आता पुढे काहीतरी म्हणेल. काका, तुम्ही पण या, तुम्हीही किती वर्षं — असं काहीतरी. ती काही म्हणाली नाही. मी फक्त घेऊन यायचं. रिक्षावाल्यासारखं. उन्हात, पावसात ओरडलो मी, आणि मैदानात जाणार ती, जिने बॉलला कधी हात लावला नाही.

हे असंच मनात आलं. बदलून सांगत नाही.

मी म्हणालो, "ती नाही येणार. तिला असलं आवडत नाही."

मॅडम म्हणाली, मग मी घरी येऊन भेटते. मी म्हणालो, "नका येऊ. बरं नसतं तिला. कोणाला भेटत नाही." तेव्हा लीला धडधाकट होती. त्या दिवशी दळण डोक्यावरून घेऊन आली होती.

घरी गेलो. तिने पाणी दिलं आणि विचारलं, "काही म्हणाले का हो ते? शर्टांचं?" साधं विचारलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? गेटपासून घरापर्यंत राग निवला असता, माणूस म्हणाला असता, अगं बोलावलंय तुला, चांगली साडी काढ. मी म्हणालो, "कोण तू त्यांची? विसरले सगळे. तुझं नावही माहीत नाही त्यांना."

तिने माझ्या हातातला पेला घेतला. मग म्हणाली, "बरोबर आहे. नवीन माणसं आहेत." आणि भाकरी टाकायला गेली.

पहिल्या मॅचला शर्ट कोणी दिले मला माहीत नाही. मी उशिरा गेलो, मुद्दाम.

पुढचं ऐका, कारण ते त्याहून वाईट आहे. खोटं एकदा बोलून थांबलो असतो तर वेगळं. मी ते मैदानावर नेलं. चहाच्या गाडीपाशी सांगितलं — मावशीला काढून टाकली या लोकांनी, साधं विचारलंसुद्धा नाही. माझा आवाज मोठा, सांगितलंच आहे. दोन-चार मॅचमध्ये सगळ्यांच्या तोंडी झालं. मॅडम साइडलाइनला आली की मागून लोक ओरडायचे, "मावशी कुठाय? मावशीला कुठं ठेवलं?" लहान पोरंही ओरडायची, त्यांना काय माहीत. मॅडम एकदा वळून माझ्याकडे बघायची. तिने कधी सांगितलं नाही की आम्ही बोलावलं होतं. सांगितलं असतं तर मी खोटा पडलो असतो. का नाही सांगितलं? कदाचित तिला वाटलं असेल, घरात आजारपण आहे, म्हाताऱ्याला कशाला चारचौघांत उघडं पाडा. मला कळत होतं. तरी मी ओरडलो. सगळ्यांत मोठ्याने.

आणि मग लीला खरंच आजारी पडली. मी तोंडाने बोललो म्हणून पडली असं डॉक्टर म्हणणार नाहीत, मीही म्हणत नाही. पोटात गाठ होती, आधीपासून असेल. हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या विचारायची, काय झालं मॅचचं. मी सांगायचो, जिंकले. ती म्हणायची, "जिंकू दे पोरांना." एकदा म्हणाली, "धुतात का हो नीट? उलटे घालतात ना वाळत?" मी हो म्हणालो. त्या खाटेशी मी रोज बसायचो. रोज वेळ होता. ती शुद्धीवर होती, कान चांगले होते. मला बोलता येत होतं. मी बोललो नाही.

ती गेली ते आपल्याला सगळे विसरले असं समजून गेली. तसं समजायला मी लावलं.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं. मॅडम आली. एकटी, पांढरा ड्रेस घालून. बायकांच्या बाजूला खाली बसली. माझी मेहुणी, लीलाची धाकटी बहीण, तोंडाची कडक. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आता सुचलं यायला? जिवंत होती तेव्हा एक हाक मारायला काय झालं होतं तुम्हाला?"

मॅडमने माझ्याकडे बघितलं. तेव्हा तिला कळलं — लीलापर्यंत काही पोचलंच नव्हतं, ते त्या क्षणी तिला कळलं. मला तिच्या तोंडावर दिसलं. मी समोरच्या चहाकडे बघत राहिलो, त्यावर साय धरली होती.

मग ती म्हणाली, "चुकलं आमचं. परत विचारायला हवं होतं."

माणसं माझ्याकडे वळली. मी काय बोलतो ते बघायला.

मी मान हलवली. म्हणालो, "असू दे, पोरी. झालं ते झालं. आमच्या मनात काही नाही."

मेहुणी म्हणाली, दाजींचं मन मोठं आहे.

मी ते ऐकून घेतलं, आणि मॅडमला चहा द्यायला सांगितलं.