ज्याची माणसं त्याच्या घरी

शिर्डीत मंदिराच्या मागे आमची गल्ली होती. होती म्हणजे आता नाही. तिथे आता फरशी घातलेली मोकळी जागा आहे, आणि मी माझ्या मुलांना "इथे आपली चूल होती" असं सांगते तेव्हा ती आइस्क्रीमवाल्याकडे बघत असतात. गल्ली होतीच केवढी! समोरासमोरच्या दोन बायका एकाच वेळी रांगोळी काढायला बसल्या की पाठीला पाठ लागायची. त्यामुळे आई आणि समोरच्या काकू यांचा दिवस भांडणानेच उजाडायचा.

तेव्हा लॉज थोडे. बाहेरगावचे भाविक आमच्या घरांतच उतरायचे. पुढची खोली त्यांना आणि आम्ही सगळे गच्चीवर. एकदा ज्याच्या घरी उतरले त्याची ती माणसं कायमची, असा गल्लीचा कायदा होता. काकू माहेरी असताना त्यांची माणसं आली तर आई त्यांना ठेवून घ्यायची, पोटभर जेवू घालायची आणि काकू परतल्या की जशीच्या तशी त्यांच्या हवाली करायची. मग दोघी पुन्हा एकमेकींचा उद्धार करायला मोकळ्या.

आमची माणसं म्हणजे तेलंगणातलं एक वयस्कर जोडपं. गुरुपौर्णिमेला यायचं म्हणजे यायचंच. त्या मावशींना मराठीचा गंध नाही, आईला तेलुगूचा नाही, तरी दोघी स्वयंपाकघरात तासन्‌तास गप्पा मारायच्या. काय बोलायच्या देव जाणे, पण त्यांची थोरली सून कशी फटकळ आहे ते आईला पक्कं ठाऊक होतं.

पुढे मंदिराभोवतीची जागा मोकळी करायचं ठरलं आणि गल्ली उठली. कुणी राहात्याच्या रस्त्याला गेलं, कुणी आपल्या शेतावर. आम्ही गावाबाहेरच्या कॉलनीत आलो. घर हवेशीर, पाण्याची ददात नाही. आईही कुरकुर न करता रुळली, असं आम्हाला वाटलं. एक दिवस मेथी निवडता निवडता तिचा हात थांबला.

"अगं, पौर्णिमेला ती दोघं यायची. घर न्हाई दिसलं तर जायची कुठं?"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या वर्षांत त्यांचा पत्ता किंवा फोन नंबर आम्ही घेतलाच नव्हता. न चुकता येणाऱ्या माणसाचा पत्ता कोण मागतं? त्यांच्याकडे आमच्या घरातल्या फोनचा नंबर होता, तो घराबरोबर गेला. "उतरतील एखाद्या लॉजवर," असं मी म्हणाले मात्र, आई कडाडली. "परक्यावानी? आपली मानसं हायेत ती!"

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून पौर्णिमेला मला पाठवलं. मी जुन्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. त्या गर्दीत मला दर दुसरं म्हातारं जोडपं आमचंच वाटत होतं. दोघातिघांना थांबवलंही. त्यांतल्या एका आजोबांनी मला लॉजची एजंट समजून झटकून टाकलं. संध्याकाळी हात हलवत घरी आले. आई जेवली नाही. "माझ्या दारातनं ती माघारी गेली," असं म्हणून ती रडायला लागली. गल्ली पाडली तेव्हासुद्धा ती रडली नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि करता तर काहीच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. आधी काकू उतरल्या, मग दोन पिशव्या, आणि मागून ती दोघं.

"घ्या, तुमची मानसं," काकू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "काल देवळाच्या गेटापाशी पार भांबावून हुबी हुती. रातच्याला माझ्याकडंच ठिवली. तुमचं घर काय मला ठावं न्हवतं, इचारत इचारत आले."

मावशींनी आईच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी आपापल्या भाषेत रडल्या. मला इतका आनंद झाला की मी काकूंचा हात धरून त्यांना आत ओढायला लागले. त्यांनी तो सोडवून घेतला.

"आत्ता न्हाई बसत गं. गेटावर जायचंय. माझी सुरतेची मानसं यायची हायेत अजून. पौर्णिमेच्या आधीपासनं बसतीय तिथं."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "ह्यांना जेवायला वाढ," आणि वॉकर घेऊन निघाली. मी डॉक्टरांचं नाव घेतलं, पायऱ्यांची भीती घातली. काही उपयोग झाला नाही.

"थांबा हो, मी बी येते," ती काकूंना म्हणाली. "दोघी असलो म्हंजी गेटाकडं नि गल्लीच्या तोंडाकडं, दोन्हीकडं ध्यान ऱ्हाईल."

सुरतेची माणसं त्या दिवशी आली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तर आई साडी नेसून, डबा भरून, रिक्षाची वाट बघत दारात बसली होती.