वडगावचा गवंडी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझ्या जाऊबाईंना ती माहीत आहे, पण त्याही आता तिचा विषय काढत नाहीत. दोघी पोराबाळांच्या बायका, दोघींना चारचौघांत मान, आणि वागलो मात्र असं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. माझं माहेर पेठ वडगाव आणि सासर कोल्हापूर शहरात. लग्नाला तीनेक वर्षं झाली होती. थोरल्या दिरांनी त्यांच्या मुलासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. मुलगा अकराला शाळेत गेला की पाचपर्यंत तो नुसता पडून असायचा. एका दुपारी जाऊबाई, म्हणजे आमच्या आक्का, धूळ पुसते म्हणून माडीवर गेल्या आणि तासभर खाली आल्याच नाहीत. मी बघायला गेले, तर बाई टीव्हीचा आवाज बंद करून फरशीवर मांडी घालून बसलेल्या. पडद्यावर एक टोपीवाला बुटका माणूस उड्या मारत चालला होता. मी आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही. म्हटलं, आता मला द्या.

पण दोघींनी एकदम वर बसायची सोय नव्हती. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या दुपारी मधल्या खोलीत आडव्या व्हायच्या आणि त्यांची झोप मांजरीसारखी. सुनांनी दुपारी लवंडलेलं त्यांना चालायचं नाही, तिथं पोरांचा खेळ खेळणं म्हणजे झालंच. म्हणून आम्ही वार वाटून घेतले. एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा. जिचा वार असेल तिनं संध्याकाळी भाकरी करताना दुसरीला सगळं सांगायचं.

खरं सांगायचं तर खेळण्यापेक्षा त्या सांगण्यातच जास्त मजा होती. आक्का त्या बुटक्याला डोळे झाकून पळवायच्या आणि दोन मिनिटांत मारायच्या. मी त्याला एकेका जागी इतका विचार करत उभा करायचे, की वेळ संपूनच तो मरायचा. त्यावरून आमची भांडणं व्हायची. परातीत पीठ मळता मळता त्या म्हणायच्या, तुम्ही त्याला सुनेसारखा वागवता. मी म्हणायचे, तुम्ही त्याला बैलासारखा हाणता. तिसऱ्या टप्प्यावर मोठा खड्डा होता आणि त्यावर एक फळी सारखी इकडून तिकडं सरकायची. त्या फळीपाशी आम्ही दीड महिना अडकलो.

एका संध्याकाळी मी सांगत होते की आजपण त्याच फळीवरून पडला, थोडक्यासाठी गेला. आत्या चौकटीत बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कोण पडलं गं?"

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या जिभेला तेवढ्यात काय सुचावं? मी म्हटलं, आमच्या वडगावच्या घराशेजारी एक गवंडी आहे, तरणा पोरगा आहे, सारखा परांचीच्या फळीवरून पडतो. आजच निरोप आला. आत्या हळहळल्या. त्याला डोळ्याचा काही आजार असेल, दाखवायला सांग म्हणाल्या. पुढं त्यांनी आणखी काही विचारलं नाही, आणि वेळ मारून नेली म्हणून मी स्वतःवर खूश झाले.

तिथंच थांबायला हवं होतं. आम्ही थांबलो नाही. उलट आता चोरून बोलायची गरज उरली नाही, म्हणून आम्हाला जोर आला. आक्का आत्यांच्या देखत मला विचारायच्या, काय हो, तुमचा गवंडी आज कुठवर गेला? मी सांगायचे, वडगावचं माणूस भेटलं होतं, फळीपर्यंत बरा होता म्हणे, मग पाय चुकला. आत्यांचा चेहरा उतरायचा आणि आम्ही चुलीकडं तोंड करून पदर तोंडात कोंबायचो. आता लिहितानाही कानाच्या पाळ्या गरम होतात.

पुढं एका रविवारी आत्या जेवायला बसल्या नाहीत. पोट जड आहे म्हणाल्या. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी मी ताट घेऊन खोलीत गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, त्या पोरासाठी जोतिबाचे पाच रविवार धरलेत, बरा झाला तर डोंगर अनवाणी चढीन असं बोलले आहे. ताट माझ्या हातात तसंच राहिलं. गुडघे धरून उठणारी, साखरेच्या दुखण्याच्या गोळ्या घेणारी बाई, आणि उपास कुणासाठी, तर आमच्या बोटांखाली मरणाऱ्या एका चित्रासाठी.

त्या दिवशी मला लाज वाटली म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. वाटली ती भीती. आता खरं बोलले तर माझ्यासकट माझ्या माहेरचा उद्धार होणार, ही भीती. आक्काही म्हणाल्या, आता कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून मी माझ्या मते सोपी वाट काढली. त्याच आठवड्यात आत्यांना सांगितलं की गवंडी बरा झाला, कामावर जायला लागला, आता पडत नाही. वाटलं, संपलं.

आत्यांनी जागेवरूनच डोंगराच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाल्या, "मग नवस फेडाय पायजे की."

पायथ्यापर्यंत आत्या आणि मी एसटीनं गेलो. तिथं त्यांनी चपला काढून माझ्या पिशवीत ठेवल्या. मीपण माझ्या काढल्या, तर म्हणाल्या, तू कशाला, तू कुठं नवस बोललीस. ऊन चढलं होतं आणि दगड तापले होते. दहा पावलं चढायच्या आणि बसायच्या. एका बसण्यात त्या आपणहून बोलायला लागल्या. त्यांचा धाकटा भाऊ असाच भिंत बांधताना वरनं पडला होता. चार दिवस जीव होता. तेव्हाही त्यांनी हाच नवस बोलला होता. "तवा न्हाय आयकलं देवानं," त्या म्हणाल्या. "ह्या बारीला आयकलं."

मी खाली मान घालून त्यांचे तळपाय बघत बसले. टाचेला फोड आला होता. तेव्हा लाज वाटली. इतकी, की तिथंच पाय धरून सगळं सांगावंसं वाटलं, आणि सांगितलं तर ह्यांच्या हातातलं काय काय काढून घेऊ हेही तेव्हाच कळलं. सांगितलं नाही.

देवळात गुरवानं नारळ हातात घेतला आणि कुणाच्या नावानं म्हणून विचारलं. आत्या माझ्याकडं वळल्या. इतक्या दिवसांत त्याचं नाव विचारायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या तोंडून माझ्या सख्ख्या भावाचं नाव गेलं. येताना त्यांनी गुलालाची पुडी दिली आणि त्या पोराच्या कपाळाला लाव म्हणाल्या. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा तो गुलाल मी भावाला लावला. तो हसत होता, आज काय विशेष म्हणून विचारत होता.

गेमला मी परत हात लावला नाही. आक्कांनीही नाही. मुलाला वाटलं, आपल्या अभ्यासासाठीच आईनं तो माळ्यावर टाकला.

त्यानंतर दरवेळी मी वडगावहून आले की आत्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. मग मला तो गवंडी वाढवावा लागला. त्याचं लग्न केलं, त्याला दोन मुली झाल्या, त्यानं स्वतःचं घर बांधलं. दहाएक वर्षांनी आत्या अंथरुणाला खिळल्या. शेवटी शेवटी त्या आक्कांनाही ओळखत नव्हत्या. एका सकाळी मी दूध पाजत होते, तर माझा हात धरून म्हणाल्या, "वडगावचा गवंडी कसा हाय?"

"बरा हाय, आत्या."

"पडत न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"माझं तेवढं एक आयकलं देवानं," त्या म्हणाल्या आणि उरलेलं दूध प्यायल्या.

मी त्यांचं तोंड पुसलं आणि वाटी घेऊन स्वयंपाकघरात आले. आक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही.