यादी छापून येईपर्यंत

नातवाच्या मोहालीच्या ऑफिसात डबा द्यायला गेलो. काचेचं दार उघडलं आणि एसीचा गार, तापल्या वायरींचा वास नाकात शिरला. तसाच वास त्या खोलीला होता.

अतिरेक्यांचे दिवस होते ते. फौजेतून सुटून मी चंदीगडच्या एका इस्पितळात कॉम्प्युटरच्या खोलीवर शिपाई लागलो होतो. शिक्षण चौथी, पण मला विचारल्याशिवाय डॉक्टरसुद्धा आत येत नसत. बसमध्ये बॉम्ब फुटला त्या दुपारी एक म्हातारे सरदारजी दाराशी आले.

"फौजीजी, मेरा मुंडा यहाँ है या नहीं, बस इतना बता दो."

"लिस्ट निकलेगी तब पता चलेगा. उधर खडे रहो," मी दरडावलं. ते हात जोडून उभे राहिले.

आत प्रोग्रामर साहेब, आपल्या पुण्याचेच, जखमींच्या यादीचे रकाने सरळ करत बसले होते. हातानंच लिहून देता का, असं मी विचारलं तर म्हणाले, "पाटील, हे हातानं खरडायचं काम नाही. वेडीवाकडी यादी माझ्या खोलीतून जाणार नाही." मलाही ते पटलं. खोली माझीही होती ना!

तासाभरानं कागद आला, सुरेख छापलेला. पोराचं नाव होतं. वॉर्ड खालच्याच मजल्यावर. आम्ही पोचलो तेव्हा नर्स त्याच्या तोंडावर चादर ओढत होती.

"अभी गया," ती म्हणाली. "बापू को ही पूछ रहा था."

जिना उतरून विचारायला मला पाच मिनिटं लागली असती. उभ्या जन्मात मी कुणाची माफी मागितली नाही. त्यांचीही मागितली नाही.